कोल्हापूरच्या हवेत सापाचे अंथरूण

पाळीव सापांच्या निगेविषयी परदेशात जे लिहिले जाते, त्यातील बराचसा मजकूर हिवाळ्यात हीटर चालू असलेली बंद, कोरडी घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असतो. ‘रोज पाण्याचा फवारा मारा’, ‘ओल धरून ठेवणारे बेडिंग वापरा’ हे सल्ले त्या घरांसाठी रास्त आहेत. पण मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात, ऐन आषाढात, शहाबादी फरशीला ओल सुटलेली असताना आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी चढलेली असताना तोच फवारा मारत राहिले, तर थोड्याच दिवसांत सापाच्या पोटाकडची कातडी बिघडू लागते. ‘सर्वांत चांगले बेडिंग कोणते?’ असे मला वारंवार विचारले जाते आणि माझे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा विरस होतो, कारण कोल्हापुरात एकच बेडिंग बारा महिने चालत नाही, हे माझे ठाम मत आहे. पिशवीवर काय छापले आहे यापेक्षा सापाच्या पेटीतला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मापक, काय दाखवतो, त्यावरून अंथरूण ठरवावे लागते.

माझ्याकडे एक बॉल पायथन आहे आणि एक कॉर्न स्नेक. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याला पेटीच्या उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजूला २५ ते २७ अंश आणि साधारण ५५ ते ६५ टक्के आर्द्रता मानवते. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याला उबदार बाजूला २९ ते ३१ आणि थंड बाजूला २२ ते २५ अंश पुरतात, आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असली तरी त्याचे छान चालते. एकाच खोलीत शेजारी-शेजारी ठेवलेल्या या दोन पेट्यांत त्यामुळे वर्षातले बरेच महिने वेगवेगळे अंथरूण असते.

पुढे जाण्याआधी कायद्याबद्दल सांगणे भाग आहे, कारण आपल्या भागात ‘साप पाळतो’ म्हटले की पुष्कळांना धामण किंवा मांडूळ आठवते. देशी साप पाळण्यास, पकडून घरात ठेवण्यास किंवा त्यांची खरेदी-विक्री करण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे. ‘दुतोंड्या’ म्हणून मांडुळाचे जे व्यवहार अधूनमधून उघडकीस येतात, ते सरळसरळ गुन्हे आहेत आणि त्यांच्या मुळाशी असलेली गुप्तधनाची कल्पना ही निव्वळ थाप आहे. विदेशी प्रजातींपैकी ज्या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यांचा समावेश २०२२ च्या दुरुस्तीने अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत झाला, आणि असे प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्यांची नोंदणी करणे बंधनकारक झाले. बॉल पायथन या यादीत येतो, कॉर्न स्नेक येत नाही. ज्याच्याकडून प्राणी घ्यायचा तो कागदपत्रांचा विषय निघताच गडबडू लागला, तर तिथेच रामराम करावा.

आता अंथरुणाकडे वळू. बेडिंगने विष्ठेतली ओल शोषावी, पेटीतली आर्द्रता सांभाळावी, सापाला अंग लपवायला जागा द्यावी आणि पोट घासत सरकताना पकड द्यावी, अशी आपली अपेक्षा असते. अडचण अशी की पहिली दोन कामे एकमेकांच्या विरोधात जातात. ओल धरून ठेवणारा पदार्थ कुजतोही लवकर, आणि चटकन वाळणारा पदार्थ मार्च महिन्यात पेटी कोरडी ठणठणीत करून टाकतो. त्यामुळे निवड करायची ती कोणता दोष सध्या परवडेल, याची.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी लेखले जाणारे अंथरूण म्हणजे वर्तमानपत्र. रंगीत पुरवण्यांचा गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही म्हणून तो मी बाजूला काढते. साध्या पानांचे चार-पाच थर अंथरले की काम झाले. सापाने विष्ठा केली की ती लगेच दिसते, आणि तिच्यासोबत येणारा पांढरा, खडूसारखा युरेटचा भागही दिसतो. तो पांढरट आणि मऊसर असेल तर ठीक. पिवळा, कडक आणि खड्यासारखा झाला असेल तर सापाच्या अंगात पाणी कमी पडते आहे असे समजावे. कोकोपीटमध्ये हे काहीच कळत नाही. नवा आणलेला साप, आजारी साप आणि गोचिडीचा संशय असलेला साप या तिघांसाठी मी दुसरे कोणतेही बेडिंग सुचवत नाही. कागदावर सापाला पुरून घेता येत नाही ही उणीव खरी आहे. मात्र दोन्ही बाजूंना अंगाला घट्ट बसणारी लपणी ठेवली आणि कागदाचे थर एकमेकांवर सैल सोडले, तर कॉर्न स्नेक दोन थरांच्या मध्ये शिरून दिवसभर खुशाल पडून राहतो.

कोकोपीट हे आपल्याकडचे दुसरे सहज मिळणारे साहित्य. रोपवाटिकेत त्याच्या दाबलेल्या विटा मिळतात. पाच किलोची वीट भिजली की फुगून साठ-सत्तर लिटर माल होतो, म्हणजे पेटी केवढी आहे याचा विचार न करता अख्खी वीट बादलीत टाकू नये. नारळाची सोडणे काही ठिकाणी खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात भिजवली जातात, त्यामुळे न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार राहतात. विकत घेताना ‘धुतलेले’ आणि ‘खत न मिसळलेले’ असे दोन्ही विचारून घ्यावे, आणि तरीही घरी गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून सुती कापडातून पिळून काढावे. नंतर गच्चीवर उन्हात पसरून वाळवावे आणि हवे तेवढेच ओलसर करावे. मूठभर कोकोपीट घट्ट दाबले असता बोटांच्या फटींतून पाणी निथळले, तर ते पेटीत घालण्याजोगे नाही. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटाने टोचताच विस्कटला, तर प्रमाण जमले. अगदी कोरडे झालेले कोकोपीट मात्र बारीक धूळ उडवते आणि ती सापाच्या नाकपुड्यांशी व ओठांच्या खाचांत बसते, म्हणून कोकोपीट वापरायचे तर ते कायम किंचित ओलसर राखण्याची तयारी हवी.

अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाचे छिलके बाहेरून आयात होतात आणि महाग पडतात. कॉर्न स्नेकसाठी ते उत्तम आहेत, कारण त्यात केलेली बिळे ढासळत नाहीत आणि या लाकडाला उग्र वास देणारी तेले नसतात. पण ते भिजले की झपाट्याने बुरशी धरतात, म्हणून मी ते दिवाळीनंतर घालते आणि वळवाचे पाऊस सुरू झाले की काढून टाकते.

‘अहो, वखारीत भुसा फुकट मिळतो की,’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येकाने ऐकवले आहे. वखारीतला भुसा एका लाकडाचा नसतो. सागवान, निलगिरी, पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन आणि कधी देवदार, असे सगळे त्यात मिसळलेले असते. देवदार आणि त्या जातीच्या सुगंधी लाकडांतली तेले व फिनॉल वर्गातली द्रव्ये बंद पेटीत साचली की सापाच्या श्वसनमार्गाला आणि यकृताला अपाय करतात. आपल्याला जो वास प्रसन्न वाटतो, तोच इथे धोक्याचा. कच्च्या पाइनच्या बाबतीतही मी तोच नियम पाळते. शिवाय भुशात बारीक पूड इतकी असते की उबदार पेटीत ती सतत हवेत तरंगत राहते.

आपल्या जिल्ह्याची म्हणून एक खास सूचना असते, ती उसाच्या चिपाडांची. गुऱ्हाळाच्या आवारात चिपाडांचे ढीग पडलेले असतात आणि वाळलेले चिपाड हाताला हलके व कोरडे लागते, त्यामुळे ही कल्पना वरवर बरी वाटते. पण त्यात साखरेचा अंश उरतो. त्यावर मुंग्या येतात, आणि दमट हवेत ते आतून तापून बुरशी धरते. साठवून कुजलेल्या बगॅसची, म्हणजे या चिपाडांची, धूळ श्वासावाटे गेल्याने कामगारांना फुप्फुसाचा जो विकार होतो, त्याला वैद्यकशास्त्रात ‘बगॅसोसिस’ असे स्वतंत्र नावच आहे. माणसाच्या फुप्फुसाला जे सोसत नाही, ते जमिनीलगत नाक ठेवून जगणाऱ्या प्राण्याखाली पसरण्यात अर्थ नाही. आजरा-चंदगडकडून मिळणारे भाताचे तूस कोंबड्यांच्या खुराड्यात चालते, पण त्यात सिलिका भरपूर असते, कडा टोचतात आणि ओल शोषण्याच्या बाबतीत ते कुचकामी ठरते. वाळूबद्दल थोडक्यात सांगायचे तर या दोन्ही सापांना तिची गरज नाही. भक्ष्याला चिकटून ती पोटात गेली तर आतड्यात अडकण्याचा धोका तेवढा पदरी पडतो.

आता ऋतूंचा हिशेब, जो माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. हवा तापवली की तिच्यातली सापेक्ष आर्द्रता आपोआप उतरते. जुलै महिन्यात खोलीत २४ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीच्या उबदार बाजूला ३१ अंशांवर गेल्यावर तिथे साधारण ६० टक्के आर्द्रता राहते, म्हणजे बॉल पायथनला हवी तितकी, तीही पाण्याचा एक थेंब न शिंपडता. प्रश्न असतो तो थंड बाजूचा, जिथे हवा जवळपास खोलीइतकीच दमट राहते आणि बेडिंग कधीच वाळत नाही. म्हणून पावसाळ्यात मी दोन्ही पेट्यांत कागद घालते, पाण्याचे भांडे लहान करून उबदार बाजूपासून दूर ठेवते, झाकणाच्या जाळीवरचे सगळे आच्छादन काढते आणि पेट्या फरशीवर न ठेवता लाकडी मांडणीवर ठेवते. कागद डागाळला नसला तरी बोटांना दमट लागला की बदलायचा, एवढा एकच नियम.

डिसेंबरमध्ये याच्या उलट घडते. पहाटे खोली १८ अंशांवर उतरते. त्या वेळी हवेत ६० टक्के आर्द्रता असली तरी ती ३१ अंशांपर्यंत तापली की उबदार बाजूला जेमतेम २५-३० टक्के उरते. हिवाळ्यात सकाळी धुके दिसते म्हणून हवा दमट आहे असे आपण धरून चालतो, आणि नेमकी त्याच काळात कात तुकड्या-तुकड्यांत निघू लागते. तेव्हा बॉल पायथनच्या पेटीत सात-आठ सेंटिमीटर जाड, ओलसर कोकोपीट येते आणि जाळीचा बराचसा भाग झाकला जातो. मार्च ते मे हा काळही कोरडाच, फक्त तेव्हा उष्णता देण्याऐवजी पेटी तापू न देण्याची काळजी घ्यावी लागते.

जाड बेडिंग आणि पेटीखालची हीट मॅट यांची जोडी मात्र जपून वापरावी. जाड थरामुळे खालची उष्णता अडून राहते आणि वरचा तापमापक २८ अंश दाखवत असताना काचेचा तळ चाळीसच्या पुढे गेलेला असू शकतो. साप उबेच्या शोधात खाली शिरतो आणि पोट भाजून घेतो. सापांना पोटाखालचा चटका वेळीच जाणवून ते बाजूला होतातच असे नाही. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावूच नये, त्याचा प्रोब (तापमान मोजणारे टोक) तळाच्या काचेला भिडलेला असावा, आणि जाड बेडिंगच्या दिवसांत उष्णता वरून, सिरॅमिक बल्बने द्यावी, त्या बल्बला सापाचा स्पर्श होणार नाही अशी जाळी लावून.

अंथरूण चुकले की पहिला परिणाम पोटाकडच्या आडव्या खवल्यांवर दिसतो. सुरुवातीला खवल्यांच्या कडांना गुलाबी छटा येते, मग पाण्याने भरलेले बारीक फोड येतात आणि नंतर तपकिरी डाग पडून खवले झिजतात. आठवड्यातून एकदा सापाला दोन्ही हातांवर घेऊन, खिडकीच्या उजेडात पोटाची बाजू मानेपासून शेपटीपर्यंत पाहावी. गुलाबी छटेच्या टप्प्यावर कोरडा कागद आणि योग्य तापमान एवढ्याने पुष्कळदा सुधारणा होते. फोड आले की पशुवैद्यकाकडे जायचे. तोपर्यंत पोव्हिडोन आयोडीन कोमट पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करून पोटाचा भाग त्यात काही मिनिटे बुडवता येतो. हळद लावण्याचा सल्ला घरोघरी मिळतो, पण हळदीने जखमेचा रंगच झाकला जातो आणि लेप खवल्यांखाली अडकून राहतो.

थंडी आणि ओल एकत्र आली की श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा टिचकीसारखा आवाज येणे, तोंडाच्या कोपऱ्यात बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसणे, तोंड उघडे ठेवणे, डोके उंच धरून बसणे ही त्याची लक्षणे. सापाला श्वासपटल नसते, त्यामुळे माणसासारखे खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जमत नाही, आणि म्हणून ‘दोन दिवस बघू’ हे धोरण इथे फार महाग पडते. कात टाकण्याच्या सुमारास थोडा आवाज येऊ शकतो. कात निघून गेल्यावरही तो राहिला तर मात्र थांबू नये.

कात एकसंध, डोळ्यांवरच्या पारदर्शक चकत्यांसह आणि शेपटीच्या टोकासह निघायला हवी. निघालेली कात मी पाटावर पसरून डोक्याकडचा भाग उजेडासमोर धरते. दोन्ही चकत्या तिथे दिसल्या की काम झाले. चकती डोळ्यावरच राहिली असेल तर ती नखाने किंवा चिमट्याने काढू नये, खालच्या डोळ्याला कायमची इजा होते. डोळे दुधाळ दिसू लागताच झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओलसर मॉस (शेवाळ) किंवा ओला सुती कपडा घालून ठेवला, तर पेटीतले सगळे बेडिंग भिजवण्याची गरज पडत नाही.

सापावरची गोचीड ही खरे तर माइट, म्हणजे गोचिडीच्या नात्यातली बारीक कीड; प्राणिशास्त्रात तिला ऑफिओनिसस नॅट्रिसिस म्हणतात. ती टाचणीच्या डोक्याएवढी काळी ठिपकी असते. ती डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खाचेत बसते, पण अंडी घालते ती बेडिंगमध्ये आणि पेटीच्या फटींत. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसू लागला, तर भांड्याच्या तळाशी काळे ठिपके आहेत का ते पाहावे. असल्यास सगळे बेडिंग घराबाहेर टाकून पांढरा टिश्यू पेपर अंथरावा आणि उपचार पशुवैद्यकाच्या सांगण्यानुसारच करावेत. म्हशींच्या गोचिडांसाठी मिळणारी औषधे आपल्याकडे कोणत्याही कृषी सेवा केंद्रात सहज हाती येतात. ती सापावर शिंपडली किंवा आयव्हरमेक्टिनच्या मापात थोडी गफलत झाली, तर गोचिडीआधी साप दगावायचा.

घरातल्या इतर रसायनांबाबतही हेच. फिनेल आणि फिनॉल वर्गातली जंतुनाशके पेटीसाठी वर्ज्य समजावीत. डांबर गोळ्या, मुंग्यांचा खडू आणि डासांची अगरबत्ती त्या खोलीत नकोत. पेटी धुण्यासाठी पातळ क्लोरहेक्सिडिन, किंवा एकास दहा प्रमाणात पाणी मिसळलेले ब्लीच वापरून भरपूर पाण्याने खळबळून उन्हात वाळवणे पुरेसे होते. पाण्याचे भांडे स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना साप हाताळू देऊ नये.

खाण्याबाबत फार लांबण लावत नाही. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात वितळवून, चिमट्याने, थाळीवर किंवा कागदावर द्यावा, म्हणजे बेडिंग पोटात जात नाही. त्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी. घरात पकडलेला उंदीर कधीही देऊ नये, कारण त्याने शेजारच्या घरातले विष खाल्ले नसेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. खाल्ल्यानंतर ४८ तास सापाला हात लावू नये. बॉल पायथनने हिवाळ्यात काही आठवडे, कधी काही महिनेही अन्न नाकारले आणि वजन टिकून असले, तर घाबरण्याचे कारण नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात असतो तसा, पण सापासाठी वेगळा ठेवलेला डिजिटल काटा हवा. नागपंचमीला शेजारच्या काकू प्रेमाने दुधाची वाटी घेऊन येतात, तेव्हा ते दूध मी चहात घालते आणि तो चहा त्यांनाच देते. तहानलेला साप समोर येईल ते पितो, पण दूध हे त्याचे अन्न नव्हे.

राहिला प्रश्न डॉक्टरांचा. गाई-म्हशी आणि कुत्री यांत मुरलेले पशुवैद्यक कोल्हापुरात पुष्कळ आहेत. सापांचा सराव असलेले क्वचितच सापडतात, आणि गंभीर आजारात पुण्याची वाट धरावी लागते. साप सुती उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड गाठ मारून बांधून, तो अभ्रा भोके पाडलेल्या खोक्यात ठेवावा. खोके गाडीच्या काचेलगत उन्हात ठेवू नये. स्थानिक डॉक्टरांशी दोन गोष्टी नम्रपणे बोलून घ्याव्यात. पहिली अशी की सापाच्या शरीराच्या मागच्या भागातले रक्त काही अंशी थेट मूत्रपिंडांकडे जाते, म्हणून प्रतिजैविकाचे इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात देण्याची पद्धत आहे. दुसरी अशी की सापांतली औषधांची गती सस्तन प्राण्यांपेक्षा पुष्कळ मंद असते. सेफ्टाझिडिमसारखे औषध सर्वसाधारणपणे ७२ तासांच्या अंतराने दिले जाते, रोज नाही. मात्रा अर्थातच वजनावरून डॉक्टरांनीच ठरवायची. इंजेक्शने चालू असेपर्यंत पेटीत फक्त कोरा कागद ठेवावा, तो रोज बदलावा आणि उबदार बाजू रात्रंदिवस त्या प्रजातीच्या वरच्या मर्यादेजवळ राखावी, कारण थंड पडलेल्या सापात प्रतिकारशक्ती आणि औषध दोन्ही नीट काम करत नाहीत. त्यामुळे वीज जाण्याचा संभव असेल तर थर्मोस्टॅट आणि हीट मॅट इन्व्हर्टरवर जोडून घेण्याचे काम पहिल्या इंजेक्शनच्या दिवशीच उरकावे.